वाचक विचारतात : आप्पांना काय हवंय ते पत्रात कुणीच लिहिलं नाही

मागच्या अंकात प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरवर चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तर आहेच, शिवाय पुण्याला आणि सुरतेला गेलेली आपली पोरं. बहुतेक पत्रं मुलांची आणि सुनांची, एक-दोन बायकोची, पेशंटचं स्वतःचं एकही नाही. आणि पत्रात सगळं असतं बरं का, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) किती, स्कॅनमध्ये काय, खर्च किती झाला, फक्त ज्याला झालंय तो काय म्हणतोय ते नसतं. मी डॉक्टर नाही, नर्स आहे, आधी वॉर्डात काम केलं आणि आता घरी जाऊन अशा पेशंटचं बघते. त्यामुळे कुठलं औषध आणि किती ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी बाकीचं सांगते, जे ओपीडीच्या गर्दीत विचारायचं राहून जातं.

प्रश्न : ताई, माझे वडील ७१ वर्षांचे, चोपडा तालुक्यात शेती आहे, कपाशी आणि थोडी केळी. कंबर दुखते म्हणून बरेच महिने इकडेतिकडे दाखवलं, सगळे मणक्याची झीज म्हणाले, शेवटी पीएसए केला तर ४०० च्या वर. बायोप्सी झाली, स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात पसरलेलं दिसलं. स्टेज चार, पूर्ण बरा होणार नाही पण ट्रीटमेंट आहे असं डॉक्टर म्हणाले. एक म्हणतात दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन घ्या, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून वृषणं काढून टाका, एकदाच खर्च. आप्पांना आम्ही फक्त लघवीची गाठ आहे एवढंच सांगितलंय. आई म्हणते खरं सांगू नका, हाय खातील. मी पुण्यात नोकरीला, लहान भाऊ गावी, मामा आणि शेजारचे सरही सल्ला देतात. काय निर्णय घ्यावा?

उत्तर : भाऊ, पहिले स्टेज चारचं बोलू. हा शब्द ऐकला की घरात लगेच रडारड सुरू होते, नातेवाईक भेटायला यायला लागतात आणि पेशंट खाटेवर बसून सगळ्यांची तोंडं बघत राहतो. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला की तो मुळापासून जात नाही हे खरंय, पण बऱ्याच जणांना ट्रीटमेंटवर काही वर्षं मिळतात, आणि त्यातली बरीचशी हिंडण्याफिरण्यात, शेतात चक्कर मारण्यात जातात. सगळ्यांचं सारखं नसतं, पण आत्ताच सुतकी चेहरे करू नका.

या कॅन्सरला पुरुषाचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे खतपाणी. ते तोडलं की तो सुकतो. चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ ला त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली ऑपरेशनची वाट काही मागासलेली किंवा गरिबांची ट्रीटमेंट नाहीये. काम दोन्हींचं सारखंच. ऑपरेशन छोटं असतं, बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करून होतं, हार्मोन काही तासांत खाली येतं, नंतर तारखा सांभाळायच्या नाहीत. पण ते परत फिरवता येत नाही. इंजेक्शन महाग पडतं आणि तारीख चुकली, रस्ता बंद, भाऊ कापूस विकायला गेलेला, असं झालं की हार्मोन परत वर चढू शकतं. आणखी एक, यातल्या काही इंजेक्शनांनी सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं आणि मग उतरतं. मणक्यात पसरलेलं असताना हे वाढणं धोक्याचं, म्हणून आधी काही दिवस दुसऱ्या गोळ्या चालू करतात. तुमच्या केसमध्ये त्या द्यायच्यात का हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारा, नंतर नाही.

आणि २०१५ ते २०१७ मध्ये काही मोठे अभ्यास आल्यापासून नुसतं इंजेक्शन किंवा नुसतं ऑपरेशन एवढ्यावर सहसा थांबत नाहीत, जोडीला अ‍ॅबिराटेरॉनसारख्या गोळ्या किंवा काहींना केमो देतात, त्याने आयुष्य वाढतं. आप्पांची तब्येत, साखर, बीपी, हृदय बघून काय झेपेल ते डॉक्टर सांगतील, तुम्ही विचारा मात्र नक्की, कारण खर्चाचं तोंड बघून कधीकधी डॉक्टरही हा विषय काढत नाहीत. गोळीचं मूळ नाव लिहून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत फार मोठा फरक असतो.

आता निर्णय कुणी घ्यायचा. तुम्ही विचारलंय आम्ही काय ठरवावं. शरीर कुणाचं आहे भाऊ? ज्या माणसाचं वृषण काढायचं का नाही यावर दोन मुलं, एक मामा आणि शेजारचे सर चर्चा करतायत, त्या माणसाला लघवीची गाठ सांगून ऑपरेशन टेबलवर झोपवणार का? एक तर डॉक्टर त्यांच्या सहीशिवाय करणार नाहीत, करूही नये. आणि समजा सही घेतली, घरी आल्यावर हात लावून बघितल्यावर त्यांना काय वाटेल याचा विचार करा.

आईची भीती मला कळते. पण माझा अनुभव असा की म्हातारी माणसं हाय खातात ती सत्याने कमी आणि कुजबुजीने जास्त. आपण आत गेलो की बोलणं थांबतं, फोन घेऊन सून ओट्यावर जाते, नात अचानक पाया पडायला येते, हे सगळं त्यांना दिसतं. ज्यांनी आयुष्यभर कपाशीच्या पानावरून रोग ओळखला त्यांना घरातली हवा ओळखता येत नाही असं समजू नका. सगळं एकदम तोंडावर मारायचं असंही नाही. आधी विचारायचं, घरात दुसरं कुणी नसताना, शक्यतो शेतात किंवा गाडीवर, समोरासमोर डोळ्यात बघून बोलणं आपल्याकडच्या पुरुषांना जमत नाही, बाजूबाजूला बसलं की जमतं. "आप्पा, रिपोर्ट आलेत, तुम्हाला सगळं ऐकायचंय का आम्हीच बघू?" एवढंच. काही जण म्हणतात तुम्हीच बघा, मग तो त्यांचा निर्णय, तो पाळायचा आणि काही दिवसांनी परत एकदा विचारायचं. बरेच जण म्हणतात सांग. सांगताना कॅन्सर हा शब्द वापरा, पण लगेच पुढे काय करता येतं तेही सांगा, आणि मग गप्प बसा, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं मुलांना. ते बहुतेक म्हणतील, "माले काही नही व्हयनं, उगा पैसा घालू नको." त्यावर वाद घालू नका, पैशाचं काय ते खरं खरं सांगा, सरकारी योजनेत किती बसतंय, घरातून किती जाणार. पैशाची काळजी हीच त्यांची खरी काळजी असते कित्येकदा, मरणाची नंतर.

तुमच्या पत्रात मणका हा शब्द आहे म्हणून एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला सांगते. पाठीत नवीन किंवा अचानक वाढलेलं दुखणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं, झोपल्यावर किंवा खोकल्यावर जास्त, पायात जोर नाही, पाय बधिर, चालताना अडखळणं, लघवी अडकणं किंवा संडासचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात. मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो, एमआरआय करून लगेच औषध आणि रेडिएशन किंवा ऑपरेशन लागतं. माणूस चालत असताना ट्रीटमेंट सुरू झाली तर बहुतेकदा चालता राहतो, पाय पूर्ण गेल्यावर नेलं तर ते परत येणं कठीण. आपल्याकडे अशा वेळी लकवा समजून अमक्या गावाला औषध प्यायला नेतात, त्यात दोन दिवस जातात. आणि पाठ दुखते म्हणून कुणाकडून तुडवून, चोळून, हाड बसवून घ्यायचं नाही, ती हाडं ठिसूळ आहेत.

हाडांसाठी सलाईनमधून किंवा कातडीखाली इंजेक्शन सुचवतील कदाचित. त्याआधी दात दाखवून घ्या. ते सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, आणि मिसरी-तंबाखूने दात हललेले नाहीत असा आप्पा मला तरी अजून भेटायचाय.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातली सून आहे. नाना, म्हणजे सासरे, अ‍ॅबिराटेरॉनच्या चार गोळ्या आणि सोबत प्रेडनिसोलोन घेतात. उपाशीपोटी घ्यायच्या सांगितल्यात पण सासूबाई म्हणतात उष्ण पडतात, म्हणून दूध-पोळीसोबत देतात. गोळ्यांचा डबा मी भरते आणि मला पाचवा महिना आहे. शिवाय नानांना लघवीची नळी लावलीये, पिशवी मी रिकामी करायला गेले की तोंड फिरवून घेतात, आता तर पाणीच पीत नाहीत. आणि एकजण जंगलातली जडीबुटी आणून देतो म्हणतोय, चालेल का?

उत्तर : बाई, पहिलं काम आज करा, तो डबा दुसऱ्या कुणाकडे द्या. गरोदर बाईने या गोळ्यांना उघड्या हाताने हात लावू नये असं कंपनीच लिहिते, पोटातल्या बाळावर परिणाम होऊ शकतो. आत्तापर्यंत हात लावला म्हणून घाबरून जाऊ नका, तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकदा सांगून ठेवा फक्त. इथून पुढे नवऱ्याने भरावा, त्यालाही कळू दे बाप काय खातोय ते.

दुधाचं म्हणाल तर सासूबाईंचा हेतू चांगला पण हिशोब उलटा. ही गोळी खाण्यासोबत घेतली की अंगात कितीतरी जास्त शोषली जाते, मग बीपी चढणं, पाय सुजणं, रक्तातलं पोटॅशियम उतरणं, लिव्हरवर ताण. म्हणून घेण्याआधी दोन तास आणि घेतल्यावर एक तास काही खायचं नाही, पाणी चालतं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, मात्र जेवल्यावर, ती रिकाम्या पोटी टोचते. दोन्ही एकाच पुडीत बांधून दिल्या की हाच गोंधळ होतो. नाना पहाटे उठत असतील तर तेव्हाच गोळ्या, मग तासाभराने चहा-भाकरी आणि त्यावर स्टेरॉइडची गोळी, हे बसतं बहुतेक घरात. काही डॉक्टर खर्च वाचवायला मुद्दाम कमी गोळ्या खाण्यासोबत देतात, तसं शेजारच्या गावात कुणाला दिलं असेल, पण ते त्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं, आपण आपल्या मनाने नाही करायचं. आणि प्रेडनिसोलोन अचानक बंद करू नका, साखर वाढली म्हणून कुणी सांगितलं तरी. बीपी घरी मोजा, रक्ततपासणीच्या तारखा पाळा, सुरुवातीचे तीन महिने दर पंधरवड्याला लिव्हर आणि निदान दर महिन्याला पोटॅशियम बघायचं असतं. पोटॅशियम कमी आलं तर रावेरची केळी दोन जास्त खाऊन भागत नाही, डॉक्टरांना कळवायचं.

आता पाण्याचं. नाना पाणी पीत नाहीत ते तहान नाही म्हणून नाही, सुनेला पिशवी धरावी लागू नये म्हणून. हे मी इतक्या घरांत बघितलंय की सून बोलते तेव्हाच कळतं काय चाललंय. त्यांना स्वतःला पिशवी रिकामी करायला शिकवा, खालची तोटी उघडायची, भांड्यात सोडायची, तोटी बंद करायची, हात धुवायचे, बस. त्यात त्यांची लाज वाचते. वाकता येत नसेल तर मुलाने सकाळ-संध्याकाळ करायचं, त्याला वेळ नसतो हे कारण मी ऐकणार नाही. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, जमिनीला टेकू द्यायची नाही, गच्च भरू द्यायची नाही. लघवीत रक्ताच्या गाठी, नळीतून काहीच येत नाही आणि पोट फुगलंय, थंडी वाजून ताप, यातलं काही झालं तर दवाखाना. नळी बदलायची तारीख कॅलेंडरवर. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा पाणी तोडणं म्हणजे किडनीशी खेळ, ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं, जे आवडतं ते समोर ठेवा, फक्त बीपी किंवा सूज असेल तर मीठ बेतानेच.

जडीबुटी. मी त्या माणसाला नावं ठेवत नाही, पण अ‍ॅबिराटेरॉन आधीच लिव्हरला कामाला लावतं, वरून काय आहे ते माहीत नसलेला काढा किंवा भस्म घातलं आणि लिव्हर बिघडली तर चालू असलेली चांगली गोळी बंद करावी लागेल. नानांना फारच मनातून वाटत असेल तर पुडी डॉक्टरांना दाखवा. लपून देऊ नका एवढंच.

प्रश्न : अमळनेरहून लिहिते. ह्यांना इंजेक्शन सुरू होऊन वर्ष होत आलं. अंगातून वाफा निघतात, रात्री गंजी भिजते, मग थंडी वाजते. चिडचिड करतात आणि कधी टीव्ही बघता बघता रडतात, असे कधी रडणारे नव्हते. आखाजीला लेकी आल्या तरी बाहेर येऊन बसले नाहीत. मला एकदा म्हणाले आता मी माणसात राहिलो नाही. कुणाला सांगू?

उत्तर : वहिनी, बरं केलं लिहिलं. हार्मोन गेलं की पुरुषाला जे होतं ते तुम्हाला ओळखीचं असणार, पाळी जाताना बाईला होतं तसंच, वाफा, घाम, झोप मोडणं, मन हळवं होणं. तुम्ही त्यातून गेलाय, ते पहिल्यांदाच जातायत आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. हे औषधामुळे होतंय, त्यांचा स्वभाव बिघडला नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा, किंवा डॉक्टरांकडून सांगवा, पुरुषांना ते डॉक्टरकडून पटतं. वाफांवर गोळ्या असतात, त्या मागाव्या लागतात. सुती कपडे, उशाशी दुसरी गंजी, संध्याकाळनंतर तिखट शेवभाजी आणि कडक चहा कमी, याने थोडा फरक पडतो.

इच्छा जाणं, शरीरसंबंध न होणं, छाती थोडी भरणं किंवा दुखणं, हेही त्याच इंजेक्शनचं. माणसात राहिलो नाही म्हणतात ते बहुतेक याबद्दल. तुम्ही दोघं त्यावर कधी बोललेले नसाल, आपल्या पिढीत कोण बोलतं. बोला असा आग्रह मी धरत नाही, पण त्यांच्याजवळ झोपणं सोडू नका, आजाऱ्याला त्रास नको म्हणून कित्येक बायका खाली अंथरूण घालतात आणि तो माणूस त्याचा भलताच अर्थ काढतो. रडणं, झोप न लागणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी लागली तर घ्यावी, त्यात वेडेपणाचा काही संबंध नाही.

आणि त्यांना घरात बसवून ठेवू नका. या ट्रीटमेंटमध्ये मांस झडतं, हाडं विरळ होतात, थकवा येतो, आणि त्या थकव्यावर चालणं हेच औषध आहे, आराम नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत चालणं, डॉक्टर किंवा फिजिओला विचारून खुर्चीतून उठबस. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचं म्हणाले तर मात्र हाडांचा स्कॅन दाखवून विचारा, हाड कच्चं असेल तर गाडीने जाऊन दर्शन. त्यांचं जुनं काम थोडं तरी त्यांच्याकडे ठेवा, हिशोबाची वही, पाण्याची पाळी, मजुरांचा पगार, काहीही.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातून एक मुलगा. बाबांच्या सगळ्या लाइन, म्हणजे एकामागून एक देतात ती औषधं, वापरून झाल्या, केमोपण झाली, पीएसए वाढतोच आहे. हाडं एवढी दुखतात की रात्रभर ओरडतात. डॉक्टर मॉर्फिन म्हणतायत, पण काका म्हणतात ते सुरू केलं म्हणजे संपलंच, शिवाय सवय लागेल. आम्ही मेडिकलवरून पेनकिलर आणून देतो, दिवसात पाच-सहा होतात. आता पुढची लाइन शोधायला बाबांना अजून कुठे कुठे न्यायचं का?

उत्तर : त्या पाच-सहा गोळ्या थांबवा आधी. मेडिकलवरच्या बऱ्याच पेनकिलर किडनी खराब करतात आणि पोटात रक्तस्राव करू शकतात, मॉर्फिनपेक्षा तिथे जास्त भीती वाटायला हवी.

मॉर्फिन शेवटचं औषध नाही, जोराच्या दुखण्याचं औषध आहे. दुखणं आज जोराचं आहे तर आज द्यायचं, माणूस त्यावर महिनोन्‌महिने राहतो, जेवतो, नातवाशी बोलतो. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशोबाने घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी. गोळी घड्याळाने द्यायची, साधी गोळी असेल तर सहसा दर चार तासांनी, दुखायची वाट बघायची नाही, आणि मधेच कळ आली तर जादा डोस किती ते लिहून घ्यायचं. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग कमी होते. बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही, म्हणून मॉर्फिनसोबत रोज जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून, हे विसरलं की पोटाच्या त्रासाने पेशंट गोळीच नको म्हणतो. फार जास्त झोपेत गेले, उठवलं तरी उठत नाहीत, श्वास फार हळू झाला, तर लगेच फोन करायचा. गोळ्या कुलुपात ठेवा.

अडचण मिळण्याची आहे ते मला माहीत आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं की दवाखाने ठेवेनासेच झाले. २०१४ ला कायदा सुधारला, आता मान्यता मिळालेल्या संस्था ते ठेवू आणि देऊ शकतात, तरी गावच्या मेडिकलवर मिळणार नाही. जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजला पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग) विचारा, जिथे कॅन्सरची ट्रीटमेंट झाली तिथेही विचारा, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा.

दुसरं म्हणजे रेडिएशन. एकाच जागचं हाड फार दुखत असेल तर कित्येकदा एकाच दिवशी एकच डोस देऊन दुखणं उतरतं, उतरायला थोडे आठवडे लागतात, पहिले एक-दोन दिवस वाढूही शकतं. रोज महिनाभर न्यावं लागेल या भीतीने लोक नाकारतात, तेव्हा विचारून तरी बघा.

सगळ्या लाइन झाल्या म्हणता, आता पुढची लाइन शोधायला बाबांना अजून कुठे कुठे न्यायचं का असं पत्राच्या शेवटी विचारलंय तुम्ही. बाबांना विचारलं का? दुखणं थांबल्यावर विचारा, दुखत असताना माणूस काहीही म्हणतो, मला मोकळं करा इथपासून मला अमेरिकेला न्या इथपर्यंत. घरी राहायचंय म्हणाले तर घरी राहणं ही पण ट्रीटमेंटच आहे, त्यालाही औषधं, नर्स, गादी, सगळं लागतं. सातबाऱ्याचं, वाटणीचं त्यांच्या मनात काही असेल तर ते बोलते आहेत तोवर बोलू द्या. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण भाऊबंदकी असेल तर केलेलं बरं.

प्रश्न : वडिलांना झालंय म्हटल्यावर आम्हा दोघा भावांना पण होईल का? वय ४६ आणि ४२.

उत्तर : होईलच असं नाही, पण वडिलांना किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. थोरल्याने डॉक्टरांशी बोलून पीएसए करायला हरकत नाही, धाकट्याने ४५ च्या आसपास, घरात आणखी कुणाला, किंवा बायकांमध्ये स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर असेल तर त्याआधीच बोला. लघवीचं इन्फेक्शन चालू असताना टेस्ट करू नका, आकडा खोटा वाढतो.

प्रश्न : भुसावळहून दर काही आठवड्यांनी वडिलांना केमोसाठी मुंबईला टाटाला नेते. मी एकटीच मुलगी. प्रवास, राहणं, पैसे, आणि मधेच काही झालं तर काय?

उत्तर : ताई, मधेच काही झालं तर, हे पहिले. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात. थर्मामीटर घरात पाहिजेच, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, मुंबईला पण निघायचं नाही, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन केमो चालू आहे, या तारखेला झाली असं दारातच सांगायचं. त्यासाठी फाइलची झेरॉक्स एका पिशवीत तयार ठेवा, आणि भुसावळ-जळगावातला एक फिजिशियन आधीच भेटून ठेवा.

पैशाचं, महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशनकार्डावर चालते, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी भेटायचं, नंतर बिलं घेऊन गेलं तर उपयोग होत नाही. वडील ७० च्या पुढचे असतील तर आयुष्मानचं वयवंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. कुठली योजना कुठल्या दवाखान्यात आणि कुठल्या औषधाला चालते ते तिथेच विचारून घ्या.

राहायला परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, जागा मिळायला वाट बघावी लागते म्हणून टाटाच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन आधीच नाव घाला. एकटीने सगळं करू नका, चुलत-मावसभावंडांना महिनावार वाटून द्या, नाही म्हणणारे असतातच पण एखादा निघतो.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण माफी आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के. आपल्याकडून रात्रीची गाडी धरली तर सकाळी दादरला उतरता येतं, वडिलांना खालचा आणि संडासजवळचा बर्थ बघा. फॉर्म दवाखान्यातूनच मिळतो आणि त्यावर तिथली सही-शिक्का लागतो, तो ओपीडीच्या दिवशीच, काउंटर बंद व्हायच्या आत घ्या.